रुग्णालयातील किरणांवर पहारा: रेडिएशन सेफ्टीचे काम करणारी माणसे तुमच्यासाठी काय करतात?

काही वर्षांपूर्वी एक तरुण जोडपे माझ्याकडे आले. सोबत मुलीच्या सासूबाई होत्या. नोकरीच्या मेडिकलसाठी मुलीच्या छातीचा एक्स-रे काढला होता. पुढे पाळी चुकली म्हणून तपासणी केली, तर ती गरोदर निघाली. एक्स-रे काढला तेव्हा गर्भ राहिलेला होता. शेजारपाजारच्यांनी सांगितले, “किरणे लागली, आता बाळात व्यंग येणार.” घरात गर्भपाताचे जवळजवळ ठरलेच होते. माझ्याकडे ते फक्त चिठ्ठी मागायला आले होते.

मी चिठ्ठी दिली नाही. आमच्या रुग्णालयात रेडिएशन सेफ्टीचे काम पाहणाऱ्या तंत्रज्ञाला खोलीत बोलावले. त्याने एक्स-रे कोणत्या भागाचा होता, किती वेळा काढला, तारीख कोणती, हे विचारून घेतले. कागदावर थोडी आकडेमोड केली आणि सासूबाईंना म्हणाला, “काकू, छातीच्या एक्स-रेची किरणे छातीवरच पडतात. पोटापर्यंत पोहोचतात ती अगदी नगण्य. नऊ महिन्यांत जमिनीतून आणि आकाशातून बाळाला आपोआप जेवढी किरणे मिळतात, त्याच्या शंभराव्या भागापेक्षा ही जास्त नाहीत.”

सासूबाईंनी तो आकडा दोनदा विचारून घेतला. गर्भपात झाला नाही. यथावकाश मुलगी झाली.

हा लेख त्या तंत्रज्ञाच्या कामाविषयी आहे. रुग्णालयात डॉक्टर दिसतात, नर्स दिसतात, एक्स-रे काढणारे टेक्निशियन दिसतात. किरणांची मोजदाद ठेवणारा माणूस मात्र रुग्णाला सहसा भेटत नाही. त्याचे काम माहीत असेल तर दोन फायदे होतात. विनाकारण भीती वाटत नाही, आणि जिथे खरोखर काळजी घ्यायला हवी तिथे हयगय होत नाही.

हे काम नेमके कोण करते?

एक्स-रे, सीटी स्कॅन, कॅथलॅब, रेडिओथेरपी, न्यूक्लिअर मेडिसिन या सर्व विभागांत आयनीकरण करणारी किरणे वापरली जातात. (सोनोग्राफी आणि एमआरआयमध्ये अशी किरणे नसतात. त्यामुळे “एमआरआयचे रेडिएशन झाले” ही भीती चुकीची आहे.)

आपल्या देशात अशा उपकरणांवर अणुऊर्जा नियामक मंडळाचे नियंत्रण असते. हे मंडळ १९८३ साली स्थापन झाले असून त्याचे मुख्यालय मुंबईत अणुशक्तीनगर येथे आहे. किरण संरक्षणाचे सध्याचे नियम २००४ सालचे आहेत. किरणांचा वापर करणाऱ्या संस्थेला मंडळाचा परवाना लागतो आणि सुरक्षेची जबाबदारी एका पात्र व्यक्तीकडे सोपवावी लागते. या व्यक्तीला रेडिऑलॉजिकल सेफ्टी ऑफिसर, थोडक्यात ‘आरएसओ’, म्हणतात.

लहान एक्स-रे केंद्रात स्वतः रेडिऑलॉजिस्ट किंवा अनुभवी टेक्निशियन ही जबाबदारी सांभाळतो. कर्करोगाच्या रुग्णालयात बहुधा मेडिकल फिजिसिस्ट, म्हणजे वैद्यकीय भौतिकशास्त्रज्ञ, आरएसओ असतो. यांपैकी अनेकांचे शिक्षण मुंबईच्या भाभा अणुसंशोधन केंद्रातील रेडिऑलॉजिकल फिजिक्सच्या पदविका अभ्यासक्रमात झालेले असते. मोठ्या रुग्णालयांत त्यांच्या हाताखाली तंत्रज्ञ असतात. रोजची मोजमापे, नोंदी, बिल्ल्यांची देवघेव आणि खोल्यांची तपासणी ही कामे प्रामुख्याने हे तंत्रज्ञ करतात.

मोजायची गरज का पडते?

किरणे दिसत नाहीत. त्यांना वास नाही, आवाज नाही, अंगाला चटकाही लागत नाही. त्यामुळे ती जास्त झाली की कमी, हे माणसाला जाणवत नाही. मीटरलाच ते कळते.

रोंटजेन यांनी १८९५ साली क्ष-किरण शोधले, तेव्हा कोणाकडेही असे मोजमाप नव्हते. एडिसनच्या प्रयोगशाळेतील क्लॅरेन्स डॅली हे सहायक क्ष-किरण नळी नीट चालते का, हे स्वतःचा हात तिच्यासमोर धरून पाहत. त्यांच्या हातांवर भाजल्यासारख्या जखमा झाल्या, पुढे कर्करोग झाला, हात कापावे लागले आणि १९०४ साली त्यांचा मृत्यू झाला. सुरुवातीच्या काळातील अनेक डॉक्टर आणि तंत्रज्ञांच्या वाट्याला असेच आले. आजचे नियम त्या अनुभवांतून तयार झाले आहेत.

वेळ, अंतर आणि आडोसा

किरणांपासून संरक्षणाची सारी पद्धत या तीन गोष्टींवर उभी आहे.

१. वेळ: किरणांजवळ जितका कमी वेळ, तितका कमी डोस.

२. अंतर: अंतर दुप्पट केले की डोस निम्मा होत नाही, तो एक चतुर्थांश होतो. तिप्पट केले तर एक नवमांश. वॉर्डात फिरते एक्स-रे यंत्र आणले की टेक्निशियन “बाजूला व्हा” म्हणून सांगतो, त्यामागे हेच कारण आहे. शेजारच्या खाटेवरील रुग्णाला उठवण्याची गरज नसते. नातेवाइकाने मात्र साधारण दोन मीटर मागे जाऊन उभे राहावे. यंत्र चालू असते ते सेकंदाच्या छोट्या भागापुरते. एक्स-रे काढून झाला की खोलीत किरणे ‘साचून’ राहत नाहीत. दिवा बंद केल्यावर उजेड उरत नाही, तसेच हे.

३. आडोसा: एक्स-रे खोलीच्या भिंती जाड विटांच्या किंवा काँक्रीटच्या असतात आणि दारात शिशाचा पत्रा असतो. रेडिओथेरपीच्या यंत्राची खोली तर बंकरसारखी असते. तिच्या काँक्रीटच्या भिंती दीड-दोन मीटर जाड असू शकतात. यंत्र बसवण्याआधी खोलीचा नकाशा मंजूर करून घ्यावा लागतो.

नकाशा मंजूर झाला म्हणून काम संपत नाही. तंत्रज्ञ हातात सर्व्हे मीटर घेऊन दाराच्या फटीजवळ, कंट्रोल रूमच्या काचेपाशी आणि बाहेरच्या बाकाजवळ मोजमाप घेतो. आपण नंबर लागण्याची वाट पाहत ज्या बाकावर बसतो, तो बाकही या तपासणीत येतो. सर्वसामान्य माणसाला अशा कामांमुळे मिळणारा डोस वर्षाला १ मिलिसिव्हर्टच्या आत राहिला पाहिजे, असा नियम आहे. (मिलिसिव्हर्ट हे किरणांचा शरीरावर होणारा परिणाम मोजण्याचे एकक आहे.)

तंत्रज्ञ यंत्रही तपासतो. किरणांचा झोत ठरवलेल्या चौकटीतच पडतो का, यंत्रावर दाखवलेली ताकद आणि प्रत्यक्ष ताकद जुळते का, हे पाहतो. यंत्र बिघडलेले असेल तर फोटो नीट येत नाही, पुन्हा काढावा लागतो आणि रुग्णाला दुप्पट किरणे मिळतात. शिशाच्या ॲप्रनचीही तपासणी होते. हे ॲप्रन घडी घालून ठेवले तर आतून चिरा पडतात आणि वरून काहीच दिसत नाही. म्हणून ते हँगरवर टांगायचे असतात, आणि ठरावीक काळाने एक्स-रेखाली धरून चिरा शोधायच्या असतात.

कर्मचाऱ्यांच्या छातीवरचा बिल्ला कसला असतो?

एक्स-रे विभागातील प्रत्येकाच्या छातीवर एक छोटा प्लास्टिकचा बिल्ला असतो. त्याला ‘टीएलडी बॅज’ म्हणतात. त्याच्या आत कॅल्शियम सल्फेटच्या तीन छोट्या चकत्या असतात. किरणे पडली की त्यांची ऊर्जा या चकत्यांत साठते. पुढे प्रयोगशाळेत चकत्या तापवल्या की त्या मंद प्रकाश देतात. प्रकाश जितका जास्त, तितका त्या व्यक्तीला मिळालेला डोस जास्त. साधारण दर तीन महिन्यांनी बिल्ले गोळा करून मान्यताप्राप्त प्रयोगशाळेत पाठवले जातात आणि प्रत्येकाची नोंद ठेवली जाते.

किरणांसोबत काम करणाऱ्यांसाठी मर्यादा अशी आहे: पाच वर्षांची सरासरी काढली तर वर्षाला २० मिलिसिव्हर्ट, आणि कोणत्याही एका वर्षात ३० मिलिसिव्हर्टपेक्षा जास्त नाही. प्रत्यक्षात एक्स-रे विभागातील बहुतेकांचे आकडे याच्या खूप खाली असतात.

कधी एखाद्याचा आकडा अचानक वाढलेला येतो. मग तंत्रज्ञाला चौकशी करावी लागते. अनेकदा असे निघते की त्या माणसाने बिल्ला ॲप्रनला लावला आणि ॲप्रन एक्स-रे खोलीतच टांगून तो घरी गेला. किरणे बिल्ल्याला लागली, माणसाला नाही. पण “तसेच झाले असेल” असे म्हणून फाइल बंद करता येत नाही. ड्युटीचा तक्ता, कामाचे स्वरूप आणि यंत्र हे सारे पाहूनच निष्कर्ष काढावा लागतो. कॅथलॅबमध्ये अँजिओप्लास्टी करणारे डॉक्टर आणि नर्स रुग्णाच्या अगदी जवळ उभे असतात. त्यांच्या आकड्यांकडे अधिक बारकाईने पाहिले जाते.

घरातील मुलगी किंवा सून एक्स-रे विभागात काम करते म्हणून पुढे मूल होण्यात अडचण येईल का, असे मला लग्नाच्या बैठकीआधी विचारणारे पालकही भेटले आहेत. नियम पाळले जात असतील तर या कामामुळे वंध्यत्व येत नाही. वंध्यत्व येण्यासाठी लागणारा डोस या मर्यादांच्या कितीतरी पट जास्त असतो. गरोदर राहिल्याचे तिने कामावर लगेच सांगावे. त्यानंतर गर्भाला उरलेल्या काळात १ मिलिसिव्हर्टपेक्षा जास्त डोस मिळणार नाही, असे काम तिला दिले जाते. नोकरी सोडण्याची गरज नसते.

माझ्या तपासणीत किती किरणे मिळतात?

निसर्गातून आपल्या सर्वांना किरणे मिळतच असतात. जमीन, घराच्या भिंती, हवा, अन्न आणि अवकाश यांतून जगभरात सरासरी वर्षाला सुमारे २.४ मिलिसिव्हर्ट डोस मिळतो. केरळमधील करुणागपल्लीच्या किनाऱ्यावर वाळूत थोरियम असल्याने हा डोस बराच जास्त आहे. तेथील लोकांचा दीर्घकाळ अभ्यास झाला, त्यात कर्करोगाचे प्रमाण वाढलेले आढळले नाही.

आता तपासण्यांचे अंदाजे आकडे पाहू. यंत्र, पद्धत आणि रुग्णाची शरीरयष्टी यांप्रमाणे ते बदलतात.

• दाताचा छोटा एक्स-रे: ०.०१ मिलिसिव्हर्टपेक्षाही कमी
• छातीचा एक्स-रे: ०.०२ ते ०.१ मिलिसिव्हर्ट
• मॅमोग्राफी: सुमारे ०.४ मिलिसिव्हर्ट
• डोक्याचा सीटी स्कॅन: सुमारे २ मिलिसिव्हर्ट
• छातीचा सीटी स्कॅन: सुमारे ६ ते ७ मिलिसिव्हर्ट
• पोटाचा सीटी स्कॅन: सुमारे ८ ते १० मिलिसिव्हर्ट
• पेट-सीटी: सुमारे २० ते २५ मिलिसिव्हर्ट

यावरून दोन गोष्टी कळतात. एक्स-रेला घाबरण्याचे कारण नाही. सीटी स्कॅन मात्र ‘एकदा काढून टाकू’ म्हणून करण्याची तपासणी नाही. १० मिलिसिव्हर्ट डोसामुळे आयुष्यात कधीतरी घातक कर्करोग होण्याची शक्यता साधारण दोन हजारांत एक इतकी वाढू शकते, असा अंदाज केला जातो. अपघातात डोक्याला मार लागला असेल, पक्षाघाताची शंका असेल किंवा पोटात आतडे फुटले असेल, तर सीटी टाळण्याचा धोका यापेक्षा कितीतरी मोठा आहे. पण साध्या डोकेदुखीसाठी रुग्णाने हट्ट धरून दर सहा महिन्यांनी सीटी करून घेणे योग्य नाही.

रुग्णासाठी डोसची कायद्याने ठरवलेली कमाल मर्यादा नाही, याचे अनेकांना आश्चर्य वाटते. कारण साधे आहे. गरज असेल तर दहावा सीटीही करावा लागतो, आणि गरज नसेल तर पहिलाही करू नये. म्हणून रुग्णाच्या बाबतीत दोन प्रश्न महत्त्वाचे ठरतात: ही तपासणी खरोखर हवी आहे का? आणि हवी असेल तर कमीत कमी किरणांत ती नीट होईल का? पहिल्याचे उत्तर डॉक्टरने द्यायचे असते. दुसऱ्यासाठी रेडिऑलॉजिस्ट, टेक्निशियन आणि सेफ्टीचे तंत्रज्ञ मिळून काम करतात. लहान मुलांचा सीटी मोठ्यांच्या सेटिंगवर करायचा नसतो. मुलाच्या वजनाप्रमाणे आणि वयाप्रमाणे किरणे कमी करावी लागतात.

पोटावर शिशाचे आच्छादन ठेवले नाही, तर चूक झाली का?

पूर्वी एक्स-रे काढताना रुग्णाच्या ओटीपोटावर शिशाचा तुकडा ठेवण्याची पद्धत होती. अजूनही बऱ्याच ठिकाणी ती आहे. मात्र २०१९ साली अमेरिकेतील वैद्यकीय भौतिकशास्त्रज्ञांच्या संघटनेने हे नेहमीच्या पद्धतीतून काढून टाकावे, अशी भूमिका घेतली. आधुनिक यंत्रांत किरणांचा झोत नेमका असतो, आणि आच्छादन चुकीच्या जागी सरकले तर फोटो बिघडून पुन्हा काढावा लागतो. त्यामुळे आच्छादन ठेवले नाही, तर निष्काळजीपणा झाला असे समजू नका. रुग्णाजवळ उभे राहणाऱ्या नातेवाइकाला मात्र ॲप्रन मिळालाच पाहिजे.

रुग्णाच्या अंगात किरणे राहतात का?

हा प्रश्न घराघरात विचारला जातो. उत्तर उपचारानुसार बदलते.

एक्स-रे, सीटी आणि मशीनने बाहेरून दिलेली रेडिओथेरपी: नाही. कर्करोगाच्या रुग्णाला लिनिअर ॲक्सिलरेटरवर किंवा कोबाल्ट यंत्रावर शेक दिला, तर तो बाहेर येताना अंगात काहीही घेऊन येत नाही. त्याच्यासोबत जेवता येते, झोपता येते, नातवंडाला मांडीवर घेता येते. शेक घेणाऱ्या आजोबांना वेगळ्या खोलीत ठेवलेले मी पाहिले आहे. त्यातून किरणांपासून कोणाचेही संरक्षण होत नाही. आजोबांचे मन मात्र खचते.

शरीराच्या आत नळीतून दिलेला शेक, म्हणजे ब्रॅकिथेरपी: आपल्याकडे बहुतांशी इरिडियमचा बारीक स्रोत नळीतून आत जातो आणि काही मिनिटांत यंत्रात परत येतो. दर वेळी स्रोत परत आला याची खात्री मीटरने केली जाते. त्यानंतर रुग्ण घरी गेला तरी कोणाला धोका नसतो.

न्यूक्लिअर मेडिसिनच्या तपासण्या: येथे औषध शरीरात जाते, त्यामुळे काही काळ रुग्णातून किरणे बाहेर येतात. हाडांच्या स्कॅनमधील टेक्नेशियमचा अर्धायुकाल सहा तासांचा, म्हणजे दर सहा तासांनी त्याचे प्रमाण निम्मे होते. चोवीस तासांत ते सोळाव्या भागावर येते. लघवीतून ते आणखी लवकर बाहेर पडते. पेट स्कॅनमधील फ्लोरिनचा अर्धायुकाल ११० मिनिटांचा आहे. या तपासण्यांनंतर भरपूर पाणी पिणे आणि त्या दिवशी लहान मुले व गरोदर स्त्रियांना फार वेळ जवळ न घेणे, एवढे सहसा पुरते.

थायरॉइडसाठी रेडिओआयोडीन: येथे खरी काळजी लागते. आयोडीन-१३१ चा अर्धायुकाल आठ दिवसांचा आहे. थायरॉइडच्या कर्करोगासाठी मोठा डोस दिला तर रुग्णाला स्वतंत्र खोलीत ठेवतात. त्या खोलीतील संडास-बाथरूमचे पाणी थेट गटारात सोडले जात नाही. ते वेगळ्या टाक्यांत साठवून किरणे कमी झाल्यावरच सोडतात. तंत्रज्ञ रोज रुग्णापासून एक मीटरवर मीटर धरून नोंद घेतो. आकडा ठरवलेल्या मर्यादेखाली आला की सुट्टी मिळते. रुग्णाचे जेवणाचे ताट, चादर, टॉवेल, खोलीची फरशी या सगळ्यांची तपासणी होते.

घरी आल्यावर साधारण अशा सूचना असतात:

• ठरवून दिलेले दिवस एकटे झोपावे.
• लहान मुले आणि गरोदर स्त्रियांपासून अंतर ठेवावे. मूल रडत असेल तर घरातील दुसऱ्याने त्याला घ्यावे.
• पाणी भरपूर प्यावे, लघवी तुंबवू नये, बसून करावी आणि नंतर दोनदा फ्लश करावे.
• ताट-वाटी, टॉवेल, अंथरूण वेगळे ठेवावे व वेगळे धुवावे. नंतर ते फेकण्याची गरज नसते.
• अंगावर पाजणाऱ्या आईने हे उपचार सुरू होण्याआधीच डॉक्टरांशी बोलावे. स्तनपान आधीच थांबवावे लागते आणि त्या बाळासाठी पुन्हा सुरू करता येत नाही.
• स्त्रियांनी उपचारानंतर किमान सहा महिने गर्भधारणा टाळावी. पुरुषांनीही किती काळ थांबायचे ते विचारून घ्यावे.
• विमानप्रवास करायचा असेल तर डॉक्टरांचे पत्र सोबत ठेवावे. विमानतळावरील संवेदनशील यंत्रे काही आठवड्यांनंतरही आवाज करू शकतात.

किती दिवस हे पाळायचे, ते डोसवर अवलंबून असते. शेजारच्या रुग्णाला सांगितलेले दिवस आपल्याला लागू पडत नाहीत. सुट्टीच्या कागदावर लिहिलेले पाळावे. घर एका खोलीचे असेल, घरात तान्हे बाळ असेल किंवा संडास सामायिक असेल, तर ते उपचाराआधीच सांगा. त्याप्रमाणे रुग्णालयात जास्त दिवस ठेवता येते. संकोचाने ही गोष्ट लपवली तर त्रास घरच्यांना होतो.

जुने स्रोत आणि भंगार

सेफ्टीच्या माणसाची आणखी एक जबाबदारी असते: रुग्णालयातील प्रत्येक किरणोत्सर्गी स्रोत कुठे आहे, याचा हिशोब ठेवणे. यंत्र जुने झाले तरी आतील स्रोत जिवंत असू शकतो.

ब्राझीलमधील गोयानिया शहरात रेडिओथेरपीचे एक केंद्र दुसऱ्या जागी गेले, पण जुन्या जागेत सिझियमचा स्रोत असलेले यंत्र मागे राहिले. १९८७ साली भंगार म्हणून ते उचलले गेले, फोडले गेले. आतील पावडर अंधारात निळी चमकत होती, म्हणून लोकांनी ती घरोघरी नेली. चार जणांचा मृत्यू झाला, त्यांत सहा वर्षांची एक मुलगी होती. एक लाखाहून अधिक लोकांची तपासणी करावी लागली. आपल्याकडे दिल्लीच्या मायापुरी भंगार बाजारात २०१० साली कोबाल्टचा स्रोत असाच पोहोचला. तो रुग्णालयातील नव्हता, संशोधनासाठी वापरलेल्या जुन्या उपकरणातील होता. त्यातही एका कामगाराचा जीव गेला.

या दोन्ही घटनांत कोणाचा वाईट हेतू नव्हता. हिशोब ठेवणारे कोणी उरले नव्हते. म्हणून जुना स्रोत पुरवठादाराकडे किंवा अधिकृत ठिकाणी परत पाठवणे, त्याची नोंद ठेवणे आणि मंडळाला कळवणे बंधनकारक आहे. कुठेही भंगारात तीन पात्यांच्या पंख्यासारखे चिन्ह असलेली जड शिशाची पेटी दिसली, तर तिला हात लावू नका. दूर जा आणि पोलिसांना कळवा.

गरोदरपणात चुकून एक्स-रे झाला तर

सुरुवातीच्या गोष्टीकडे परत येऊ. गर्भाला मिळणारा डोस १०० मिलिग्रेपेक्षा कमी असेल तर केवळ किरणांच्या कारणाने गर्भपात करणे समर्थनीय नाही, असे आंतरराष्ट्रीय किरण संरक्षण आयोगाचे स्पष्ट मत आहे. छातीच्या एक्स-रेमध्ये गर्भाला ०.०१ मिलिग्रेपेक्षाही कमी डोस मिळतो. पोटाच्या एका साध्या एक्स-रेत काही मिलिग्रे. ओटीपोटाच्या सीटीतही तो सहसा ५० मिलिग्रेच्या आत राहतो.

याचा अर्थ गरोदरपणात बिनधास्त तपासण्या कराव्यात असा नाही. शक्य असेल तिथे सोनोग्राफी किंवा एमआरआयचा पर्याय पाहावा. पण चुकून तपासणी झालीच, तर घाबरून निर्णय घेऊ नका. तपासणी जिथे झाली तिथून तारीख आणि तपशील घ्या, आणि आपल्या स्त्रीरोगतज्ज्ञामार्फत रुग्णालयाच्या आरएसओ किंवा मेडिकल फिजिसिस्टकडून डोसचा अंदाज मागा. हे त्यांच्या कामाचाच भाग आहे. किरणांचा काहीही संबंध नसतानाही शंभरांपैकी साधारण तीन बाळांमध्ये जन्मतः काही ना काही दोष आढळतो. म्हणून गरोदरपणातील नेहमीच्या तपासण्या सर्वांनीच करून घ्याव्यात.

रुग्ण आणि नातेवाइकांनी लक्षात ठेवावे

• पाळी चुकली असेल किंवा गरोदर असण्याची शंका असेल तर तपासणीआधी सांगा. इतरांसमोर सांगायला संकोच वाटत असेल तर चिठ्ठीवर लिहून द्या.
• जुने एक्स-रे, सीटीच्या फिल्म आणि सीडी जपून ठेवा व दाखवा. त्यामुळे एखादी तपासणी पुन्हा करावी लागत नाही.
• एक्स-रे काढताना सांगितल्याप्रमाणे श्वास रोखा, हलू नका. पहिलाच फोटो नीट येऊ द्या.
• लहान मुलाला धरायची वेळ आली तर ॲप्रन मागून घ्या. गरोदर स्त्रीने किंवा अल्पवयीन भावंडाने मुलाला धरू नये. दर वेळी आयाला किंवा वॉर्डबॉयला धरायला सांगू नका, कारण त्यांच्या वाट्याला हे रोज येते.
• दारावरचा लाल दिवा लागला असेल तर दार उघडू नका.
• खोलीचे दार उघडे ठेवून एक्स-रे काढत असतील किंवा कर्मचाऱ्यांकडे बिल्ले नसतील, तर “इथले आरएसओ कोण आहेत?” असे विचारा. हा प्रश्न विचारण्याचा तुम्हाला पूर्ण हक्क आहे.

आपल्याला किरणांविषयी शंका असेल तर शेजाऱ्यांच्या किंवा मोबाइलवरील मजकुराच्या भरवशावर राहू नका. कोणती तपासणी, कोणत्या तारखेला, कितव्या वेळी, एवढी माहिती घेऊन डॉक्टरांकडे जा आणि डोसचा आकडा विचारा. त्या आकड्यावर बोलून मगच निर्णय घ्या.